ओल्मरच्या मयताची कॉफी

अमेरिकेच्या उत्तरेतल्या टॅमरॅक बे गावात कोणी गेलं, की बातमी आधी लोरेटा किवेलाला कळायची, मग पास्टरना, आणि नंतर वेळ मिळाला तर लांबच्या नातेवाइकांना. कारण साधं होतं. प्रार्थना पास्टर ऐनवेळीही म्हणू शकतात. दीडशे माणसांची हॅम सँडविचं ऐनवेळी होत नाहीत.

बावीस वर्षं ती चर्चच्या मयताच्या जेवणाची समिती सांभाळत होती. समितीत ती धरून तिघीजणी. त्यातल्या एकीचं खुब्याचं हाड बसवलेलं, आणि दुसरी 'मी फक्त टेबलावर फुलं ठेवीन' या अटीवर आलेली. म्हणजे समिती म्हणजे लोरेटाच. गेलेला माणूस किती मोठा होता हे ती भाषणांवरून ठरवत नसे. भाषणात सगळेच देवमाणूस असतात. हॅम किती लागला, त्यावर ती माणूस जोखायची. बँकेचा जुना मॅनेजर दोन किलोत आटोपला होता. शाळेची बस चालवणाऱ्याला नऊ किलो पुरले नव्हते.

सोमवार ते शुक्रवार ती शाळेच्या खाणावळीत चारशे पोरांना वाढायची. रविवारी सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. आणि रविवारी दुपारी, गस टर्वोच्या तळघरात, ती ओल्मर देवाची पुजारीण व्हायची.

याची सुरुवात १९८६ सालची. तिचा धाकटा भाऊ रायनो आणि त्याचे दोस्त गसच्या तळघरात फासे टाकून एक खेळ खेळायचे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि सूत्रधार गस सांगेल त्या राज्यात तोंडाने लढाया मारत हिंडायचं. लोरेटा तेव्हा चोवीस वर्षांची. भावासाठी गरम पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली तळहाताएवढी करंजी, घेऊन गेली आणि जिन्यावरच अडवली गेली.

"ताई, बस ना गं," रायनो म्हणाला. "एक माणूस कमी पडतोय. आम्हाला पुजारीण हवी."

"ती काय करते?"

"आम्ही लढतो, ती आम्हाला बरं करते."

"म्हणजे घरी करते तेच," लोरेटा म्हणाली आणि कोट काढून बसली.

पुजारणीला देव लागतो. नियमांच्या पुस्तकात देवांची यादी होती. युद्धाच्या देवाला दोन पानं आणि रंगीत चित्र. मृत्यूच्या देवाला तीन पानं, कारण पोरांना तो फार आवडायचा. शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखा, चार ओळींत एक ओल्मर. नावाड्यांचा आणि वाट बघणाऱ्यांचा देव. त्या चार ओळींतही एक शब्द चुकीचा छापलेला. लोरेटाने तोच घेतला. "याला कोणीच घेत नसणार," असं तिचं म्हणणं. तिचे बहुतेक निर्णय याच हिशोबाने होत. नवराही तिने तसाच निवडला होता, आणि तो उत्तम निघाला.

चार ओळींच्या देवाला तिने तेहतीस वर्षांत एक वहीभर वाढवलं. त्याचे सण ठरवले, त्याच्या आरोळ्या ठरवल्या, त्याच्या भक्तांनी काय खावं आणि कोणाशी भांडू नये हे ठरवलं. मुख्य नियम असा, की नावेतून शेवटचा माणूस काठावर उतरेपर्यंत ओल्मर जागचा हलत नाही. तिची पुजारीण ब्रेना या देवाच्या नावाने तीन राज्यांत फिरली, दोनदा मेली, एकदा राणीला थप्पड मारून तुरुंगात गेली. खऱ्या आयुष्यात लोरेटाने मुख्याध्यापकांना साधं उलट उत्तरही दिलं नव्हतं.

गावाला हा खेळ पहिल्यापासून पसंत नव्हता. १९८८ साली पास्टर निक्विस्टनी खास सभा बोलावली होती. चर्चच्या खालच्या हॉलमध्ये पडदा लावून स्लाइड दाखवल्या. हा खेळ खेळणारी मुलं खोट्या देवांच्या नादी लागतात, त्यांना खरं-खोटं कळेनासं होतं, असं त्यांनी काठीने पडद्यावर दाखवून सांगितलं. सभेची कॉफी आणि वेलदोड्याचा निसू पाव लोरेटाने केला होता. खोट्या देवाच्या पुजारणीने भाजलेला पाव पास्टरनी दोनदा मागून घेतला. त्यांना काही झालं नाही.

तर असा हा ओल्मर तेहतीस वर्षं सुखात होता. मग कंपनीला खेळाची नवी आवृत्ती काढायची लहर आली.

ही कंपनी पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी होती. एका नोव्हेंबरात तिने इंटरनेटवर एक फिल्म टाकली. दाढी कोरलेला, पंचविशीतला एक हसरा तरुण त्यात सांगत होता, की नव्या आवृत्तीत जग 'अधिक धारदार' होणार आहे. त्यासाठी एक देव मरणार आहे. कोणता, हे ठरवायला त्यांनी पाहणी केली होती. ओल्मरला मानणारे खेळाडू शंभरात अर्धासुद्धा भरत नव्हते. "तेव्हा कोणाला फारसं दुखणार नाही," तरुण म्हणाला, "पण परिणाम मात्र जबरदस्त होईल." अगदी गणिताने ठार मारला.

लोरेटाने आयुष्यात कुठल्या कंपनीला फोन केला नव्हता. वॉशिंग मशीन बिघडलं तरी ती रायनोला बोलवायची. दुसऱ्या दिवशी खाणावळीतली भांडी आटपून तिने मदत केंद्राचा नंबर फिरवला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"नमस्कार मॅम, मी आपल्याला काय मदत करू?"

"माझा देव मेलाय."

"ऐकून वाईट वाटलं, मॅम. कोणत्या आवृत्तीतला?"

"सगळ्याच. म्हणजे पुढच्या. तुम्ही लोक मारताय त्याला."

"एक मिनिट हं." टकटक टकटक. "ओ-एल-एम-ए-आर का? हो, मॅम, इथे दिसतंय. ते उत्पादन बंद होतंय."

"उत्पादन?"

"आपण दुसरा देव निवडू शकता. आमच्याकडे या वेळी सहा नवे देव येतायत, त्यातले दोन ड्रॅगन आहेत. आपल्या गैरसोयीबद्दल मी पंधरा टक्के सवलतीचं कूपन पाठवू का?"

"बाळ," लोरेटा म्हणाली, "तुझ्या घरचं कोणी गेलं तर कूपन देतात का?"

मुलीने पुन्हा टकटक केली. मग कागदावरचं वाचल्यासारखं म्हणाली, "याखेरीज आणखी काही मदत हवी होती का?"

लोरेटाने "नाही" म्हटलं. तरी कूपन आलंच. ते तिने फ्रिजवर लावलं, कारण चीड टिकवायला काहीतरी समोर असावं लागतं.

नवं पुस्तक गसच्या हाती आलं त्या रविवारी तळघरात बैठक बसली. आता चारच जण उरले होते. बाकीच्यांपैकी कोणी डेट्रॉइटला गेलं, कोणी लग्न करून सुधारलं. सूत्रधार गस टपाल खात्यातून निवृत्त झालेला, पत्ता एका अक्षराने चुकला तर पत्र परत पाठवणारा माणूस. डेनिस लाकोम्ब दातांच्या दवाखान्यात दात घासून द्यायची आणि इथे आग ओकणारी जादूगार असायची. चौथा रायनो, तेहतीस वर्षं चोर आणि तेहतीस वर्षं पकडला गेलेला.

"हे बघा," रायनो म्हणाला, "या तळघरात बघायला कोण येणार आहे? आपण म्हणू तो जिवंत आहे. संपला विषय."

"पुस्तकात छापलंय," गस म्हणाला.

"अरे पुस्तक गेलं खड्ड्यात!"

"मग नियम कशाला पाळायचे? उद्या तू म्हणशील मी कधी पकडलाच गेलो नाही."

"तेच म्हणणार होतो!"

"गस, तुझ्या छातीत काय टपालपेटी बसवलीय का?" डेनिस म्हणाली. "या बाईकडे बघ जरा."

सगळ्यांनी लोरेटाकडे बघितलं. ती पेस्टीवर केचप ओतत होती, जे गसला दर वेळी बघवत नसे. त्याच्या मते पेस्टीवर ग्रेव्हीच.

"गस बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "तो मेला असेल तर मेला. नाही म्हणून काय होतंय? मी आठ वर्षांपूर्वी महिनाभर वेसचे बूट दारात ठेवले होते. रायनो, तूच उचललेस ते."

वेस तिचा नवरा. हरणाच्या शिकारीला गेला आणि जंगलातल्या झोपडीत, सकाळची कॉफी हातात असताना, हृदय थांबून गेला. तेव्हाही समितीची प्रमुख लोरेटाच होती. एकीचं खुब्याचं ऑपरेशन ताजं, दुसरी फुलांची. म्हणून नवऱ्याच्या मयताची सँडविचं तिनेच केली. ॲप्रन बांधून, दोनशे माणसांना कॉफी ओतत. लोक येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "साखर कुठेय गं?"

"फक्त एक करा," ती म्हणाली. "मला तिथे असू दे. त्याच्याजवळ."

ही मात्र अडचण होती. नव्या पुस्तकात ओल्मरचा मृत्यू सहाव्या पानावर, अर्ध्या परिच्छेदात उरकला होता. खेळाडू यायच्या आतच देव मेलेला. त्यांना फक्त बातमी कळायची. दोन ड्रॅगनना बारा पानं होती, अर्ध्या परिच्छेदात आणखी किती मावणार.

गसने ते पान वर घरात नेलं. तीन आठवडे त्याने ते टपालाच्या नियमावलीसारखं वाचलं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी चष्मा पुसत तो म्हणाला, "यात लिहिलंय, देव युद्धाच्या चौथ्या दिवशी उत्तरेच्या धक्क्यावर मेला. पण तिथे कोणी नव्हतं, असं कुठेही लिहिलेलं नाही."

डेनिसने उठून त्याच्या टकलाचा मुका घेतला. गसने तो परत पाठवावा तसा चेहरा केला.

मग दोन रविवार ते उत्तरेकडे निघाले. डेनिसने तिची सगळी आग वाटेत संपवली. रायनोने राजाचा घोडा चोरला आणि, आश्चर्य म्हणजे, पकडला गेला नाही. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, बाहेर नांगर लावलेली गाडी रस्त्यावरचं बर्फ ढकलत असताना, ब्रेना धक्क्यावर पोहोचली.

गस हळू आवाजात सांगू लागला. धुकं होतं. पाणी स्थिर होतं. फळकुटांवर एक म्हातारा नावाडी आडवा पडला होता, हात वल्ह्याएवढे, छातीत काळा भाला. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "सगळे उतरले का?"

लोरेटा खुर्चीत पुढे सरकली. "उतरले," ती म्हणाली. "मी मोजले."

"मग ठीक."

"ठीक नाही. मी बरं करते." तिने फासा उचलला. "शेवटची ताकद वापरते. सगळी."

"लोरेटा," गस म्हणाला, "पुस्तकात..."

"माहितीय मला पुस्तकात काय आहे. टाकू दे."

वीस बाजूंचा तो फासा टेबलावरून घरंगळला, केचपच्या बाटलीला आपटला आणि थांबला. वीस. याहून मोठा आकडा त्यावर नसतो. तेहतीस वर्षं ज्या बाईने ऐन लढाईत दोन आणि तीन टाकून सगळ्यांना मरणाच्या दारात नेलं, तिला आज वीस पडले. नशिबाला विनोद जमत नाही असं कोण म्हणेल!

"वीस," डेनिस कुजबुजली.

गसने फाशाकडे बघितलं. पुस्तकाकडे बघितलं. पुन्हा फाशाकडे. त्याचा जबडा हलत होता, पण टपाल खात्याने तीस वर्षं घडवलेला माणूस एका दुपारीत मोडत नाही.

"वीस," तो म्हणाला. "तुझे हात उजळतात. इतका उजेड त्या धक्क्यावर कधी पडला नव्हता. त्याचं दुखणं थांबतं. तो तुझा हात धरतो." गसने चष्मा काढला. "आणि तरीही."

लोरेटाने फासा खिशात टाकला आणि डायरी काढली. "शनिवारी अकरा वाजता," ती म्हणाली. "हॉल रिकामा आहे. हॅमचं मी उद्या सांगते."

"कसला हॉल?" रायनोने विचारलं.

"मयत झालंय ना? मग जेवण नको?"

रायनो हसायला लागला आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला.

"चालेल," डेनिस म्हणाली. "पण तू स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. तू घरची आहेस. घरच्यांनी काम करायचं नसतं."

"तुला अंडं तरी नीट उकडता येतं का?"

"नाही. तरीही."

चर्चच्या कचेरीत फॉर्म भरावा लागला. कारकून बाई नवी होती, आणि फॉर्मवर तिची फार श्रद्धा.

"मयताचं नाव?"

"ओल्मर."

"आडनाव?"

"नाही."

"वय?"

"बरंच."

"आपल्या चर्चचे सभासद होते का?"

"नाही, पण तेहतीस वर्षं येणंजाणं होतं."

बाईने 'इतर' या रकान्यात खूण केली आणि शिक्का मारला. फॉर्म पूर्ण भरलेला असला की स्वर्गाचं दारसुद्धा उघडत असावं.

चौघांनी पन्नास सँडविचं पुरतील असा अंदाज केला होता. शनिवारी हॉलमध्ये नव्वद माणसं आली. जानेवारीत टॅमरॅक बेमध्ये दुसरं काय असतं! शिवाय लोरेटाच्या घरचं कोणीतरी गेलंय एवढंच गावभर पसरलं होतं, आणि त्या बाईने ज्यांच्या-ज्यांच्या घरी मयताचं जेवण केलं होतं, ते सगळे हॅम, भट्टीत भाजलेले कॅसरोल आणि हिरवी थरथरती जेली घेऊन हजर झाले. कोण गेलं, हे विचारायला लाज वाटत असल्यामुळे निम्म्यांनी विचारलंच नाही.

"कॅन्सर होता का गं?" मिसेस हाल्वरसननी तिचा हात दाबत विचारलं.

"भाला," लोरेटा म्हणाली.

"अरेरे. हल्ली फार वाढलंय."

सगळे बसले आणि मागचं दार उघडलं. चाकांच्या वॉकरवर रेलत पास्टर निक्विस्ट आत आले. आता शहाऐंशीचे, कधीच निवृत्त झालेले. माना वळल्या. स्लाइड पाहिलेली काही डोकी अजून गावात शिल्लक होती. रायनो तर भिंतीकडे सरकला, चोराची सवय.

पास्टर तिच्यासमोर येऊन थांबले. "हा तोच का, लोरेटा? त्या खेळातला?"

"तोच."

"काय करायचा तो?"

"शेवटचा माणूस नावेतून उतरेपर्यंत थांबायचा. कितीही उशीर झाला तरी."

"आणखी?"

"एवढंच, पास्टर. लहान देव होता."

म्हाताऱ्याने वॉकरचा ब्रेक लावला. "हे मला तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"तुम्ही स्लाइड दाखवत होतात."

मागच्या टेबलावर कोणीतरी खोकलं. पास्टर निक्विस्टनी मान हलवली. ती होकाराची की वयाची, हे कळायला मार्ग नव्हता. "त्याच्यासाठी प्रार्थना मला म्हणता यायची नाही," ते म्हणाले. "निवृत्त झालो तरी तेवढं पाळतो. पण तुझ्यासाठी म्हणेन, चालेल?"

"चालेल."

त्यांनी ती म्हटली. छोटीच होती, आणि निम्मी फिनिश भाषेत, लोरेटाच्या आजीच्या वेळची. मग डेनिस एक ताट घेऊन आली आणि तिने ते लोरेटाच्या मांडीवर ठेवलं. सँडविच जाड-बारीक कापलेलं. लोणी कडेपर्यंत पोहोचलेलं नाही. अंड्यात कवच. गस किटली घेऊन मागे उभा राहिला आणि त्याने तिच्या कपात कॉफी ओतली. लोरेटा बावीस वर्षं या हॉलमध्ये उभी होती. खुर्चीवरून हा हॉल कसा दिसतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

तिने एक घास खाल्ला आणि ती रडायला लागली. सावकाश नाही, नीटनेटकं नाही. हुंदके देऊन, खांदे हलवत, नाकातून, सगळ्यांसमोर. रायनो येऊन शेजारी बसला. देवासाठी चाललंय की आठ वर्षांपूर्वीच्या कोणासाठी, हे त्याने विचारलं नाही. मिसेस हाल्वरसनही रडल्या. त्यांना कोण गेलंय हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण चौदा किलो हॅम लागला, हे लोरेटाने रडता-रडता मोजलंच.

नियमाप्रमाणे देव मेला की पुजारणीची सगळी ताकद जाते. गसने ती एका ओळीत खोडली. महिनाभरात दुसरा देव निवडायची मुभा असते. लोरेटाने निवडला नाही. ब्रेना आता कोणाला मंत्राने बरं करत नाही, पट्ट्या बांधते. उत्तरेच्या त्याच धक्क्यावर तिने एक खाणावळ काढली आहे. रायनोच्या चोराला तिथे अर्ध्यापेक्षा जास्त वेळ भांडी घासावी लागतात, आणि लढाया फार मागे पडल्या आहेत. डेनिस म्हणते, असा कंटाळवाणा खेळ साऱ्या अमेरिकेत कुठे चालत नसेल, आणि एकही रविवार चुकवत नाही.

चौदा महिन्यांनी कंपनीला उपरती झाली. त्याच दाढीवाल्या तरुणाने नव्या फिल्ममध्ये सांगितलं, की 'चाहत्यांच्या प्रेमाखातर' ओल्मर परत येतोय. चामडी बांधणीचा खास ग्रंथ, सोनेरी कडा. चित्रात देव तीस वर्षांनी तरुण झाला होता. दंड फुगलेले, अंगात शर्ट नाही, हातात वल्ह्याऐवजी तलवार.

गसने ते पान टेबलावर ठेवलं. "छापलंय," तो नाइलाजाने म्हणाला. "माझा इलाज नाही. तो खाणावळीच्या दारात उभा आहे. म्हणतो, मी परत आलोय."

रायनो आणि डेनिस लोरेटाकडे बघत राहिले. तिने चष्मा नाकावर सरकवून चित्र नीट निरखलं.

"भूक लागली असेल तर बस म्हणावं," ती म्हणाली. "वाढते. पूजाबिजा नाही हं. आणि आधी अंगात काहीतरी घालून ये."